ड्रायसूटचा डावा दंड ओला होतोय: सील बदलू की शिवणींना गोंद लावू?

खाडीकाठ:
ड्रायसूट (थंड पाण्यात बुडी मारताना अंग कोरडं ठेवणारा पोशाख) ट्रायलॅमिनेट, म्हणजे तीन थरांच्या कापडाचा, ४ वर्षं जुना. मनगटाला आणि गळ्याला लॅटेक्स सील (पाणी अडवणाऱ्या घट्ट रबरी पट्ट्या), पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत पितळी झिप. स्टोनी कोव्हला (लेस्टरशरमधली पाण्याने भरलेली जुनी खाण) पाणी सध्या ६ अंश आहे. ४० मिनिटांच्या बुडीनंतर डावी बाही दंडापासून कोपरापर्यंत ओलीचिंब, मनगट जवळजवळ कोरडं. उजवीकडे काही नाही. दोन्ही सील बदलून घेऊ, की आतून सगळ्या शिवणींवर अ‍ॅक्वाशुअर गोंद फिरवू?

टम्मपुरी:
गोंदाची ट्यूब उघडूच नका अजून. सीलमधून पाणी आलं की आतले कपडे मनगटाकडून भिजत वर जातात. तुमचं उलट आहे, म्हणजे पहिला संशय दंडावरच्या डंप व्हॉल्व्हवर (सूटमधली जास्तीची हवा बाहेर सोडणारी झडप).

तिथे दोन गोष्टी बिघडतात. एक, आतल्या पातळ रबरी पडद्याखाली अंडरसूटची (आतल्या उबदार कपड्यांची) लोकर किंवा केस अडकतो. पडदा पूर्ण बसत नाही आणि हवा सोडताना थेंब थेंब पाणी आत येतं. दोन, सेटिंगची नॉब फिरवताना अख्खा व्हॉल्व्हच फिरत राहतो आणि आतल्या चकतीवरची त्याची पकड सुटते. मग पाणी व्हॉल्व्हमधून नाही, कडेने येतं.

घाम म्हणावा तर तो पाठ-छाती सगळीकडे दमट करतो, एकाच दंडाला पिळण्याइतका भिजवत नाही.  

तळ_३५:
वरच्याशी सहमत, पण सूट फुगवून साबणाच्या पाण्याने गळती शोधून खात्री करून घ्या. मनगटांत अर्ध्या लिटरच्या गोल बाटल्या, गळ्यात बेताचा प्लास्टिकचा चेंडू. बाटलीच्या झाकणाची धार सीलला लागू देऊ नका, बूड आत घाला. झिप पूर्ण बंद, डंप व्हॉल्व्ह घट्ट बंद. मग इन्फ्लेटरला (सूटमध्ये हवा भरायच्या झडपेला) होज जोडून थोडी थोडी हवा भरा. सूट फुगलेल्या पुरीसारखा झाला की थांबा. त्यापुढे झिपवर आणि शिवणींवर उगाच ताण येतो.

भांडी घासायचं लिक्विड १ भाग, पाणी १० भाग, स्पंजने फासा. घाई नको, एकेका पट्ट्यावर अर्धा मिनिट नजर ठेवा. टाचणीएवढं भोक असेल तर मोठा बुडबुडा येत नाही, मोहरीएवढा पांढरा फेस हळूहळू साचतो. दिसला की खडूने गोल करा. मांड्यांमधली शिवण आणि गुडघे सोडू नका.

डंप व्हॉल्व्हच्या जाळीतून फेस आला तर घाबरू नका, दाब जास्त झाला की बंद व्हॉल्व्हही हवा सोडतो. व्हॉल्व्ह आणि कापड जिथे भेटतात त्या कडेने फेस आला तर ती गळती.

आणि हे बहुतेक जण विसरतात: या चाचणीत हवा आतून बाहेर जाते, पडदा मात्र बाहेरून आत येणारं पाणी अडवण्यासाठी असतो. त्यामुळे पडद्याचा दोष साबणात दिसतच नाही. त्यासाठी बाही उलटी करा, व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला तोंड लावून हवा ओढून बघा. हवा आली तर पडदा खराब किंवा घाण.

मेणबत्ती:
झिपचंही बघून घ्या, शेवटचा एक सेंटिमीटर न लागलेली झिप खांद्यातूनच पाणी देते. बुडीआधी जोडीदाराला स्लायडर ओढून बघायला सांगा. पितळी दातांवर बाहेरून मेण किंवा पॅराफिन. सिलिकॉन स्प्रे अजिबात नको, तो कापडावर उडाला की पुढे तिथे कुठलाच गोंद धरत नाही.

खाडीकाठ:
केलं. शिवणी कोरड्या, झिप ठीक. व्हॉल्व्हच्या खालच्या कडेने फेस, आणि हाताने धरल्यावर व्हॉल्व्ह थोडा फिरतोही. ओढून बघितलं तर हवा येत नाही.

टम्मपुरी:
मग स्वस्तात सुटलात. आतली चकती हाताने धरून बाहेरचा भाग उलटा फिरवा, दोन्ही वेगळे होतील. वॉशर चपटा किंवा चिरलेला असेल तर नवा घाला. कापडाची कड आणि आटे कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, वाळूचा एक कण राहिला तरी गळती परत. बसवताना हाताच्या जोरानेच आवळा. पाना लावला की प्लास्टिकचे आटे जातात. गोंदही नको, पुढच्या वेळी उघडायला लागेल. मग परत फुगवून तेवढ्याच जागी साबण.

सील राहू द्या, पण ताणून प्रकाशात बघा. बारीक भेगा किंवा चिकटपणा दिसला तर बदलायची वेळ झाली. नाहीतर धुऊन, सावलीत वाळवून बिनवासाची टाल्कम पावडर. सुगंधी पावडरीतलं तेल लॅटेक्स खातं.