इनडायरेक्ट टाकी बदलायची आहे: ग्लासलाइन्ड की स्टेनलेस?

बंबवाला
बॉयलरच्या पाण्यावर तापणारी १६० लिटरची इनडायरेक्ट टाकी १४ वर्षांनी तळाच्या वेल्डजवळ पाझरू लागली आहे. आतून ग्लासलाइन्ड (स्टीलवर काचेचा मुलामा), कॉइल (बॉयलरचं गरम पाणी फिरवणारी नळी) एकच. अ‍ॅनोड (टाकीचं स्टील वाचवायला स्वतः झिजणारी धातूची काडी) एकदाही बदललेला नाही. बॉयलर २४ किलोवॅटचा, कंडेन्सिंग (धुरातली वाफ निववून तिचीही उष्णता वापरणारा), तो ठणठणीत आहे. माणसं चार, बाथरूम दोन. पाणी जड म्हणून मुख्य लाइनवर सॉफ्टनर बसवलेला आहे. प्लंबर म्हणतो, डोळे झाकून स्टेनलेस घ्या, अ‍ॅनोडची कटकटच नको. हे खरं का? आणि २०० लिटरची घेतली तर हाच बॉयलर पुरेल का?

कोमट
डोळे झाकून तर नकोच. स्टेनलेस म्हणजे नेमका कुठला ग्रेड, ते आधी विचारा. ३०४ गरम पाण्याच्या टाकीला कच्चा पडतो. ३१६एल बरा, डुप्लेक्स २२०५ त्याहून चांगला. स्टेनलेसचा शत्रू साधा गंज नव्हे, क्लोराइड (मिठात असतं ते). वेल्डजवळच्या फटीत ते साचतं, तिथला संरक्षक थर मोडतं आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. बाकी टाकी आरशासारखी असते, तरी ती भंगारात. पाणी जितकं गरम, तितकं हे लवकर होतं.

म्हणून पाण्याची तपासणी करून क्लोराइडचा आकडा घ्या. टीडीएसवरून काही कळत नाही. टाकीच्या मॅन्युअलमध्ये क्लोराइडची कमाल मर्यादा दिलेली असते, ती ओलांडली की हमी गेली. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, क्लोराइड काढत नाही. उलट रिजनरेशननंतरची (मिठाच्या पाण्याने सॉफ्टनर पुन्हा ताजा करण्यानंतरची) धुलाई अपुरी राहिली तर थोडं मिठाचं पाणी थेट टाकीत जातं. नमुना सॉफ्टनरच्या पुढच्या नळातून घ्या, आणि एक नमुना रिजनरेशन संपल्या संपल्या घ्या.

आकडा मर्यादेच्या जवळपास असेल तर ग्लासलाइन्डच घ्या. तुमची जुनी टाकी मुलाम्यामुळे नव्हे, अ‍ॅनोडमुळे गेली असणार. काचेच्या मुलाम्यात वेल्डवर आणि आट्यांपाशी बारीक छिद्रं राहतातच. तिथलं स्टील अ‍ॅनोड स्वतः झिजून वाचवतो. तो संपला की पाळी स्टीलची. सॉफ्टनरच्या पाण्यात मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड लवकर झिजतो, त्यामुळे पहिली तपासणी वर्षभरातच करा. आतली तार उघडी पडलेली दिसली किंवा जाडी निम्म्यावर आली की बदला.

लांबदांडी पाना
वरच्याशी सहमत, एक भर. अ‍ॅनोड विजेवरचा मिळतो, टायटॅनियमच्या काडीचा. तो झिजत नाही, फक्त वीज कायम चालू हवी. जोडताना धन-ऋण उलटं झालं तर मात्र तोच टाकी खातो. साधा अ‍ॅनोड ठेवणार असाल तर टाकीवर छतापर्यंत किती जागा आहे ते मोजा. पूर्ण काडी बाहेर निघत नसेल तर साखळीसारखा तुकड्यांचा अ‍ॅनोड घ्या. बरेच अ‍ॅनोड बदलले जात नाहीत ते याच कारणामुळे.

आता बॉयलरचं. २०० लिटर पाणी १० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ११.६ किलोवॅट-तास लागतात. २४ किलोवॅट पूर्ण पोचले तर अर्धा तास. बॉयलर पुरतो, अडतं ते कॉइलपाशी. लिटर बघण्याआधी कॉइलचं क्षेत्रफळ बघा. कॉइल छोटी असली की बॉयलरकडे परतणारं पाणी गरमच येतं, बॉयलर सारखा चालू-बंद होतो आणि कंडेन्सिंगचा फायदा बुडतो. परतीचं पाणी ५५ अंशांच्या बरंच खाली यायला हवं. प्रवाहही तपासा: २० अंशांच्या फरकावर २४ किलोवॅटला मिनिटाला सुमारे १७ लिटर लागतात. पंप किंवा पाइप तेवढं देत नसेल तर मोठ्या कॉइलचाही उपयोग नाही.

घंगाळ
टाकी कितीही भारी घ्या, जोडणी चुकली तर ती टिकत नाही. थंड पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर फुगलेल्या पाण्याला परतीची वाट नसते. २०० लिटर पाणी १० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे ३.४ लिटर वाढतं. पिण्याच्या पाण्याला चालणारी एक्स्पान्शन टाकी (वाढलेलं पाणी सामावणारी, आत हवा भरलेली छोटी टाकी) नसेल तर प्रत्येक तापण्यात दाब वर-खाली होतो आणि मुलाम्याला तडे जातात. तिच्यातला हवेचा दाब पाणी भरण्याआधी लाइनच्या दाबाइतका करून घ्या.

टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवा, लिजिओनेला या कोमट पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूच्या भीतीने. नळाकडे जाताना थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सिंग व्हॉल्व्हने ५० च्या आत आणा. टाकीतलं पाणी ६० हून वर, ७० वगैरे नेऊ नका. मुलामाही लवकर झिजतो आणि क्षारही जास्त बसतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप तांब्याला थेट जोडू नका, मधे डायइलेक्ट्रिक युनियन (दोन धातूंना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा जोड) टाका.

बंबवाला
आभार. क्लोराइडचा नमुना देतो. टाकीत-टाकी प्रकारच्या स्टेनलेसबद्दल काय मत? कॉइलच नाही म्हणे.

लांबदांडी पाना
चांगला प्रकार. आतल्या टाकीत नळाचं पाणी, तिच्याभोवतीच्या बाहेरच्या टाकीत बॉयलरचं. आतली टाकी नालीदार असते, तापताना-निवताना हलते, त्यामुळे क्षाराचे पापुद्रे सुटून पडतात. पण क्लोराइडचा नियम तिलाही लागू. आणि भरण्याचा क्रम पाळा: आधी आतल्या टाकीत नळाचं पाणी दाबाने भरायचं, मगच बाहेर बॉयलरचं. रिकामी करताना उलट, आधी बॉयलरच्या बाजूचा दाब उतरवायचा. क्रम चुकला तर आतली टाकी चेपते, आणि ती दुरुस्त होत नाही.

कोमट
जुनी काढण्यापूर्वी बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो का बघा. नळाचा दाब बॉयलरच्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून कॉइल फुटली की पाणी बॉयलरकडे घुसतं. बॉयलरचा भरणीचा व्हॉल्व्ह पक्का बंद करूनही दाब चढत राहिला, आणि टाकीचं थंड पाणी बंद करून गरम नळ उघडल्यावर चढायचा थांबला, तर कॉइलही गेली आहे. तसं असेल तर बॉयलरमध्ये सतत ताजं, प्राणवायू असलेलं पाणी जात होतं. नवी टाकी जोडण्याआधी ती बाजू धुऊन गंजरोधक टाका.