सावजी, वडाभात आणि 'नागपूरला खाद्यसंस्कृती नाही' या विधानाविषयी

इतवारीकर

काल 'दूरदेशी' यांनी आपल्या परदेशवासाविषयी लिहिताना असे मत मांडले की जपानी, कोरियन किंवा इटालियन माणूस आपले अन्न जगापुढे अभिमानाने ठेवतो, कारण त्याच्याकडे खाद्यसंस्कृती आहे. नागपूरकराकडे मात्र तेलाचा तवंग आणि तिखट यांपलीकडे पाहुण्याला वाढण्यासारखे काही नाही. हे वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

ज्याला आमच्या जेवणात तेल आणि तिखटच दिसते, त्याने ते कोठे बसून खाल्ले हे आधी विचारले पाहिजे. वडाभात घ्या. तूर, हरभरा, मूग, उडीद अशा डाळी भिजवून भरड वाटायच्या, त्यांचे वडे तळायचे, ते मोकळ्या भातावर कुस्करायचे, वरून हिंग आणि सुक्या लाल मिरचीची गरम फोडणी सोडायची आणि सोबत कढी किंवा मठ्ठा घ्यायचा. या शहराच्या पूर्वेला भंडारा-गोंदियाचा धानाचा पट्टा आहे, पश्चिमेला कापूस, तूर आणि ज्वारीचा. दोन्ही पट्टे ज्या ताटात एकत्र येतात ते ताट आमचे आहे, आणि ते कोणाच्या नकलेतून आलेले नाही. पाटोडीचा रस्सा, खसखस-खोबरे आणि मूठमूठ सांबार (म्हणजे कोथिंबीर) भरलेली सांबारवडी, पंगतीतली डाळभाजी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले पानगे आणि त्यांच्याबरोबर वांग्याची भाजी: यांतले एकही नाव 'दूरदेशी' यांच्या लेखात नाही.

परदेशाचाच दाखला हवा असेल, तर तोही नीट द्यावा. युनेस्कोने 2013 मध्ये दक्षिण कोरियाच्या किमचीला (मसाला लावून आंबवलेल्या भाजीला) अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले ते चवीसाठी नव्हे. हिवाळ्याच्या तोंडावर घरे आणि शेजारी एकत्र जमून किमची घालतात आणि आपसांत वाटतात, त्या सामूहिक कामाला ते स्थान मिळाले. आमच्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरड्या, शेवया आणि मुगवड्या घालायला वाड्यातल्या सगळ्या बायका जमत, ते याहून वेगळे काय होते? शिवाय किमचीला लाल करणारी मिरची अमेरिका खंडातून निघाली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास कोरियात पोहोचली. इटलीचा टोमॅटोही तिकडचाच, आणि आमच्या तर्रीतली मिरचीही पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. बाहेरून आलेल्या वस्तूला आपल्या मातीची सवय लावणे यालाच परंपरा म्हणतात, आणि ते काम नागपूरने कोणाहून कमी केलेले नाही.

दूरदेशी

इतवारीकर भाऊ, आपला संताप मला समजतो, परंतु संताप हा पुरावा होत नाही. माझा मुद्दा पदार्थ नसण्याचा नव्हता, ते मांडता न येण्याचा होता. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटेनिया यांतले काही देश एरवी सीमेवरून आणि राजकारणावरून एकमेकांशी भांडत असतात, तरी 2020 मध्ये कुसकुस या रव्याच्या पदार्थासाठी चौघांचा प्रस्ताव युनेस्कोत एकत्र मान्य झाला. नेपल्सच्या पिझ्झा भाजणाऱ्या कारागिरांची कला 2017 मध्ये यादीत आली. यामागे कागदपत्रे, संघटना आणि अनेक वर्षांचा पाठपुरावा असतो. आपण वडाभाताची नोंद कोठे ठेवली आहे?

एक जपानी सहकारी माझ्यासोबत नागपूरला आले होते. मी त्यांना मोठ्या हौसेने शहराबाहेरच्या एका सावजी, म्हणजे नागपूरच्या विणकर समाजाच्या तिखट रश्श्यांच्या, भोजनालयात नेले. रश्श्यावर बोटभर तेल होते, त्याचा रंग मिरचीचा नव्हता हे कोणालाही कळले असते, आणि दोन घासांनंतर त्या गृहस्थांनी केवळ सभ्यतेपोटी ताट पुढे सरकवले नाही. मला त्या दिवशी वाटलेली लाज खरी होती.

महालची सून

दोन्ही भाऊ ज्या जेवणासाठी भांडत आहेत, ते शिजवताना दोघांपैकी कोणीही चुलीपुढे उभे राहिलेले दिसत नाहीत. इतवारीकर यांनी कुरड्यांच्या सामूहिक कामाचा उल्लेख फार प्रेमाने केला. माझ्या सासूबाई लांब पोळी करत असत. गव्हाची कणीक सैल भिजवायची, तिला तार येईपर्यंत तिंबायची आणि आपटायची, मग दोन्ही हातांवर ताणत ताणत ती हातभर रुंद करायची आणि चुलीवर तापलेल्या उलट्या मडक्यावर अलगद टाकायची. उन्हाळ्यात, भर आमरसाच्या दिवसांत, घरात माणसे जेवायला बसली की त्या दुपारभर उठू शकत नसत. त्यांची कोपरापर्यंत भाजलेली कातडी मी पाहिली आहे. त्यांच्या हयातीत त्या पोळीला कोणी संस्कृती म्हटले नाही, ते बाईचे काम होते. आता घरात ती कोणी करत नाही, तेव्हा सगळ्यांना तिची आठवण येते.

मला ती पोळी टिकावी असे मनापासून वाटते. परंतु ती टिकवायची असेल तर आज शहरात रस्त्याकडेला बसून ती विकणाऱ्या बायकांना योग्य दाम द्या. भाव करताना ज्यांचा हात आखडतो, त्यांनी वारशाविषयी बोलू नये.

धरमपेठेतील भाडेकरू

मी मूळचा पुण्याचा असून नोकरीनिमित्त येथे राहतो, त्यामुळे मला बाहेरचा म्हणून बाजूला सारले जाईल हे गृहीत धरून लिहितो. पाटोडीचा रस्सा खाताना मला राजस्थानची गट्ट्याची भाजी आठवते. बेसन शिजवून, कापून रश्श्यात सोडण्याची कल्पना दोन्हीकडे आहे. लांब पोळीसारखे पुरणाचे मांडे खापरावर खानदेशातही होतात. मग 'ते ताट आमचे आहे' हा ठामपणा कशासाठी? महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याने असा हक्क सांगितला तर जेवण्यापेक्षा वादच अधिक होईल.

जरीपटक्याची शेजारीण

धरमपेठेतील भाऊंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. आमच्या वसाहतीत 1947 नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे आहेत आणि मी त्यांच्याच शेजारात वाढले. त्यांची साई भाजी म्हणजे पालक, चणाडाळ आणि हाताशी असतील त्या भाज्या एकत्र शिजवून घोटलेली. माझ्या आईची डाळभाजीही पालक आणि डाळीचीच, फक्त तीत शेंगदाणे आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी. दोन्ही घरांत वाट्यांची देवाणघेवाण होत असे, आणि तरीही कोणती वाटी कोणाची हे आम्हा मुलांना डोळे मिटून ओळखता येत असे. सारखेपणामुळे कोणाचीही भाजी परकी ठरली नाही. सिंधी काकूंच्या डाळ-पकवानावर मी आजही हक्क सांगते, पण ते त्यांचे आहे हे विसरून नव्हे.

पाचपावलीकर

आता सावजीविषयी, कारण दूरदेशी यांनी ज्या भोजनालयावरून निकाल दिला तशा भोजनालयांच्या पाट्या पाहून माझे डोके तापते. सावजी ही विणकरांच्या, हलबा कोष्टी समाजाच्या घरातली चूल आहे. माझे आजोबा मागावर बसत. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये येथे एम्प्रेस मिल सुरू केली, पुढे आणखी गिरण्या आल्या. आमच्यातले काही गिरणीत गेले, काही हातमागावरच राहिले. दिवसभर माग चालवणाऱ्या माणसाला घामाबरोबर उतरलेली ताकद परत देणारे जेवण हवे असते. म्हणून बकऱ्याची मुंडी, खूर, रक्ती यांतले काहीही वाया जात नसे, म्हणून रश्श्याला दाटपणा यायला ज्वारी भाजून दळली जाई, आणि म्हणूनच जवसाचे तेल वापरले जाई. खसखस, सुके खोबरे, दगडफूल, काळी मिरी आणि कितीतरी जिन्नस वेगवेगळे भाजून, पाट्यावर वाटून तो काळा रंग येत असे. लाल रंगाचे तवंग ही नंतरच्या हॉटेलांची देणगी आहे.

माग बंद पडले तेव्हा आमच्या आया आणि आज्या यांनी घराच्या पुढच्या खोलीत चार पाट मांडून जेवण विकायला सुरुवात केली. त्या जेवणाने आमची शिक्षणे झाली. आज ज्याने कधी कोष्ट्याच्या घरी पाणी प्यायलेले नाही तोही महामार्गावर 'अस्सल सावजी' अशी पाटी लावतो, त्यात रंग ओततो, आणि बदनामी आमच्या घराची होते.

दूरदेशी

पाचपावलीकर भाऊ, आपण माझेच म्हणणे सिद्ध करत आहात. ज्या नावाची नोंद नाही ते कोणीही वापरेल. भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या वस्तूच्या नावाला संरक्षण देणारा, कायदा 1999 चा आहे. नागपूरच्या संत्र्याला 2014 मध्ये मानांकन मिळाले, भिवापूरच्या मिरचीलाही मिळाले. शिजवलेल्या अन्नालाही ते मिळते: हैदराबादी हलीमला 2010 मध्ये मिळाले, बंगालच्या रसगुल्ल्याला 2017 मध्ये आणि ओडिशाच्या रसगुल्ल्याला 2019 मध्ये. सावजीला का मिळू नये? मसाल्याचे प्रमाण लिहून काढा, प्रसिद्ध करा, म्हणजे खोटी पाटी लावणाऱ्याला जाब विचारता येईल.

पाचपावलीकर

प्रसिद्ध करा, असे म्हणणे आपल्याला सोपे आहे. तो मसाला आपल्यासाठी अभिमानाचा विषय आहे, आमच्यासाठी ती रोजची भाकरी आहे. माग गेला तेव्हा आमच्याकडे विकण्यासारखे तेवढेच उरले होते. उद्या प्रमाण छापले गेले, तर एखादा मोठा कारखाना पाकिटे काढील, आणि पाचपावलीतली बाई जो मसाला चार तास भाजते तो दुकानात तिच्याहून स्वस्तात मिळेल.

इतवारीकर

मसाला कोणी लपवून ठेवला म्हणून तो वाचत नाही, हेही लक्षात घ्यावे. माझ्या ओळखीच्या एका घरातला मसाला आजीबरोबरच गेला, कारण तिने सुनांनाही प्रमाण सांगितले नाही. त्या घरात आता बाजाराचा मसाला येतो. पाचपावलीकर, आपण आमच्या सगळ्यांच्या वतीने एक वारसा कुलुपात ठेवत आहात.

पाचपावलीकर

'आमच्या सगळ्यांच्या' हा शब्द मागे घ्यावा. ज्या काळात आमच्या वस्तीत जेवायला येणे कमीपणाचे मानले जात होते, तेव्हा हा वारसा सगळ्यांचा नव्हता. सावजी गाजली, आणि ती लगेच संपूर्ण नागपूरची झाली. वर आपण वडाभात, पाटोडी, सांबारवडी अशी यादी दिली, तीत सावजीचे नाव नव्हते. सावजीवर वाद पेटल्यानंतरच आपल्याला तिची मालकी आठवली.

इतवारीकर

यादीत सावजी नव्हती हे खरे आहे, आणि त्याचे मी समर्थन करणार नाही. तथापि, माझ्या हेतूविषयी आपण जे सुचवत आहात ते मला पूर्णपणे अमान्य आहे.

महालची सून

हेतूंचा तपास बाजूला ठेवून एक विचारते. मानांकनाच्या अर्जात पदार्थ करण्याची पद्धत आणि त्याचा प्रदेशाशी संबंध द्यावा लागतो. मात्र प्रत्येक घराने आपला चमचा-चमचा हिशेब उघडा करावा, असे मला तरी त्यात दिसत नाही. जवसाचे तेल, भाजलेली ज्वारी, वेगवेगळे भाजलेले आणि वाटलेले जिन्नस, कृत्रिम रंग वर्ज्य, एवढे लिहिले तरी महामार्गावरची पाटी अडचणीत येईल. यात पाचपावलीकर भाऊंची कोणती अडचण आहे?

धरमपेठेतील भाडेकरू

जवसाचे तेल ही अट घातली, तर आज किती जुनी भोजनालये टिकतील? मी खात असलेल्या एका घरगुती ठिकाणी शेंगदाण्याचे तेल वापरतात, आणि तेथील रस्सा मला या शहरात सर्वाधिक आवडतो. त्या बाईंना अर्जामुळे सावजी हे नाव सोडावे लागले, तर मी अर्जाच्या विरोधात उभा राहीन.

दूरदेशी

तेलाविषयीची शंका योग्य आहे, हे मान्य करणे भाग आहे. अट मसाल्याच्या पद्धतीपुरती ठेवावी लागेल. परंतु अर्ज कोणीतरी करावाच लागेल, आणि कायद्याप्रमाणे तो उत्पादकांच्या संघटनेने किंवा त्यांचे हित पाहणाऱ्या संस्थेने करायचा असतो. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे तिचे नूतनीकरण होते. पाचपावलीकर भाऊ, आपल्याशिवाय तो अर्ज अर्थहीन ठरेल. माझ्या लेखातले ते एक वाक्य सावजीविषयी पुरेशी माहिती नसताना लिहिले गेले असे आपले मत असेल, तर ते तसेच राहू द्यावे. कामाला त्यामुळे अडथळा येऊ नये.

पाचपावलीकर

माझे मत तसेच आहे आणि तसेच राहील. अर्ज करणारी संघटना आमच्या वस्तीतल्या भोजनालयवाल्यांची असेल, बाहेरच्या मोठ्या हॉटेलांची नसेल, आणि पद्धत सांगायला ज्या बायका मसाला भाजतात त्यांना बोलावले जाईल, त्यांच्या मुलांना नव्हे, तर मी बैठकीला येईन. तेलाची अट मीही लादणार नाही, कारण माझ्या आईनेही महागाईत जवस सोडले. मसाल्याचे प्रमाण मात्र मी बैठकीतही सांगणार नाही, आणि ते मला कोणी विचारूही नये.