आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात – डिस्क घेऊ की माइक? (बजेट १५ हजार)

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आई पाटणजवळ गावी असते. तिच्या ओव्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्यात. अडचण अशी की नुसतं बसून गा म्हटलं तर दोन ओव्यांच्या पुढे तिला आठवत नाही. जात्याचा खुंटा हातात आला की मग थांबत नाही. म्हणजे रेकॉर्डिंग जात्यापाशीच. अधूनमधून मामा पेटी घेऊन येतो, त्याची भजनंही घेईन म्हणतो.
लॅपटॉप जुना आहे. ८ जीबी रॅम, २५६ची एसएसडी, त्यात ३० जीबी मोकळी. सगळं मिळून १५ हजार, वर एक रुपया नाही. बाहेरची डिस्क घ्यावी का? साधी (फिरणारी) की एसएसडी (न फिरणारी, चिपवाली)? माइक कोणता?

तारसप्तक:
१५ हजारांत काही होत नाही. मी गेल्या दिवाळीत शुअरचा एसएम७बी घेतला. आवाज असा लागतो की लोक विचारतात कुठल्या स्टुडिओत केलं. त्याला गेन भरपूर लागतो, म्हणजे आवाज बराच वाढवावा लागतो, म्हणून वर प्रीअँप घ्यावा लागला, स्टँड वेगळा. एकदाच घ्या, चांगलं घ्या.

लॅमिंग्टनचा_राजा:
डोळे झाकून एसएसडी. माझी २ टीबीची साधी डिस्क मांजराने टेबलावरून पाडली. आतून टक् टक् आवाज, आणि मुलीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. डेटा काढून देणाऱ्याने जो आकडा सांगितला त्यात दुसरा लॅपटॉप आला असता.

वायरमन:
थोडं गणित. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एका माइकचा ट्रॅक म्हणजे तासाला साधारण अर्धा जीबी. स्टिरिओ घेतलंत तर एक जीबी. सेकंदाला ०.३ एमबीसुद्धा लिहायचे नसतात, त्यामुळे वेगासाठी एसएसडीवर पैसे घालू नका. साध्या डिस्कचा खरा त्रास वेगळा: ती फिरते, आणि माइकच्या हातभर अंतरात असली तर तिची घरघर ओवीत येते. बॅकअपला मात्र साधीच बरी. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर डेटा उडू शकतो.
बाकी माइक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा इंटरफेस (स्कारलेट २आय२ किंवा बेहरिंगरचा यूएमसी२०२एचडी) आणि एक कंडेन्सर माइक, बारीक आवाजही टिपणारा. त्याला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) दोन्हीत आहे.

मंद्र:
वायरमन यांच्याशी सहमत. एसएसडीच घ्या.

वायरमन:
मी उलट लिहिलंय हो.

काळी_पाच:
गावात कंडेन्सर? कोंबडा, एसटीचा हॉर्न, शेजारचा कुकर, सगळं येईल. डायनॅमिक माइक घ्या, स्टेजवर हातात धरतात तसला, शुअरचा एसएम५८. आमच्या भजनी मंडळात तोच आहे, दोनदा ओट्यावरून पडूनही चालतोय.

वायरमन:
डायनॅमिक बाहेरचे आवाज गाळत नाही. तो तोंडाशी धरतात म्हणून बाहेरचं कमी वाटतं. दळताना माणूस पुढे-मागे होतो, माइक तोंडाशी राहणार कसा?

काळी_पाच:
५८ कार्डिऑइड आहे, मागचं कमीच घेतो.

वायरमन:
बहुतेक कंडेन्सरही कार्डिऑइडच असतात.

अंजीरबर्फी:
अवांतर: हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकता येतात, आईंना जरूर ऐकवा. आणि दर फाइलच्या सुरुवातीला गाणारीचं नाव, गाव, तारीख बोलून घ्या. आमच्या आजोळच्या कॅसेटवर कोण गातंय हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

तारसप्तक:
पेटी कुठल्या पट्टीत लावलीय? जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला नसतात. आधी ट्यूनर लावून बघा.

काळी_पाच:
ओव्यांना ट्यूनर?

तारसप्तक:
पेटीबद्दल बोलतोय. धागा नीट वाचत जा.

एडिसनकर:
मॅकबुक एअर बघा. एम१पासून पुढच्या एअरला पंखाच नाही, त्यामुळे आवाज शून्य, आणि रेकॉर्डिंगचं गॅरेजबँड फुकट. बजेट थोडं ताणा.

कोयनाकाठ:
सर्वांचे आभार. ‘थोडं ताणा’वर घरात बरंच हसून झालं.
शेवटी लॅपटॉप गावी न्यायचाच नाही असं ठरवलं. दुपारी वीज जाते आणि त्याची बॅटरी अर्धा तासही टिकत नाही. झूम कंपनीचा हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर घेतला. पेन्सिल सेलवर चालतो, बजेटच्या आत बसला. ना इंटरफेस, ना वेगळा माइक. रविवारी जात्यापासून दोन हातांवर पाटावर ठेवला, तर जात्याची थरथर जमिनीतून पाटात आणि पाटातून रेकॉर्डिंगमध्ये. खाली गोधडीची घडी घातली, खालचे घुमणारे आवाज कापणारा लो कट चालू केला, मग शब्द न् शब्द स्वच्छ आला. घरघर आहेच मागे, पण ती हवीच आहे. कोंबडाही आलाय, काळी_पाच जिंकले.
डिस्क घेतली नाही. भाच्याची जुनी ५०० जीबीची पडून होती, एक प्रत तिच्यावर आणि दुसरी बहिणीच्या लॅपटॉपवर. अंजीरबर्फी, नाव-गाव बोलून घेतलं. आई तारीख सांगेना, ‘आषाढातली एकादशी झाल्यावर’ म्हणाली, तसंच ठेवलंय.

लॅमिंग्टनचा_राजा:
जुनी डिस्क! मांजराचं वाचलं नाहीत वाटतं.

वायरमन:
जुन्या डिस्कवर आधी तिची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा, फुकट आहे. ‘कॉशन’ दाखवलं तर तिच्यावर काही ठेवू नका. आणि रेकॉर्डर एमपी३वर असेल तर वेव्हवर आणा, त्यात आवाज न दाबता साठतो, जागा भरपूर आहे.

मंद्र:
+१, मी आधीच म्हटलं होतं.

तारसप्तक:
हे रेकॉर्डर म्हणजे खेळणी. खरा माइक हवाच असेल तर एसएम७बी आहे, प्रीअँप आणि स्टँडसकट, जेमतेम वापरलेला. माझाच आहे, काढायचाय. व्यक्तिगत निरोप करा.