जाड माणसानं बिनगिअरच्या सायकल शर्यतीत उतरू नये म्हणे

९४किलो
शनिवारी रात्री हलकंफुलकं५८ यांनी जे लिहिलं ते जसंच्या तसं देतो, म्हणजे मागाहून "मी तसं म्हणलोच नव्हतो" नको. "तुळजापूरच्या बिनगिअर शर्यतीत ८५ किलोच्या वरच्यांना घेऊ नका. मागच्या खेपेला घाटात एकाची फ्रेम गेली आणि मागचे दोघं रस्त्यावर आले. फ्रेमलाही जीव असतो."

तो "एक" म्हणजे मी. नाव घेतलं असतं तर निदान मर्दपणा दिसला असता. दोन दिवस गप्प बसलो. आज जेवताना बायकोनं विचारलं, भाकरीवर राग काढताय काय, तेव्हा लिहायला बसलो.

युरोपच्या चाचणीत रेसिंग फ्रेमच्या पायडलवर ११०० न्यूटनचा जोर आळीपाळीनं १ लाख वेळा देतात. ११०० न्यूटन म्हणजे ११२ किलोचा माणूस एका पायावर उभा. मी ९४. माझ्या सायकलीच्या कागदावर १२० किलो छापलंय. मग ८५ कुठून काढलं? स्वतःच्या ५८ मध्ये २७ मिळवले काय?

आणि आमचे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात होते. काळ्या सायकलीच्या कॅरिअरवर सुताची गाठोडी बांधून अशोक चौकापर्यंत आणायचे. ते स्वतः आणि सूत मिळून दीडशे किलोच्या आत कधी नसायचं. ती सायकल अजून घरात आहे. तिला कुणी वजनकाट्यावर चढवलं नाही.

हलकंफुलकं५८
नाव घेतलं नाही ते सभ्यपणा म्हणून. आता तुम्हीच हात वर केलाय तर बोलू.

चाचणी कोऱ्या फ्रेमची होते. तुमची सात वर्षांची, दुसऱ्याच्या हातची, आणि अ‍ॅल्युमिनियमची. पोलादावर ठरावीक मर्यादेखाली कितीही ताण येऊ दे, त्याला फारसं वाटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, प्रत्येक खड्डा त्याच्या खात्यात जमा होतो. म्हणून तर नळ्या जाड करतात. त्यावर सात वर्षं आपले रस्ते, म्हणजे हिशोब करा.

दुसरं, गिअरची सायकल असती तर घाटात तुम्ही हलका गिअर टाकला असता. पुढचं दातेरी चाक ४४ दाती आणि मागचं १८, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर जाते. घाटात तुमचा वेग ताशी १० किलोमीटरवर आला की मिनिटाला ३१ फेरे. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला अख्खं अंग पायडलवर टाकायचं. १७० मिलीमीटरची क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आणि ४४ दाती चाक धरलं तर ९४ किलोच्या माणसाची चेनवर ओढ १८० किलोच्या आसपास येते. माझी १११. हा फरक मी तयार केलेला नाही.

होटगीरोड
का बे, ५८ किलोचा माणूस वजनावर बोलतंय म्हणजे वाळवंटानं पुरावर बोलावं तसं. मार्च महिन्यात होटगी रोडला वारं सुटलं की तुला आम्ही मध्ये घालून आणतो, ते विसरलास? त्या वेळी ९४ किलोची पाठ गोड लागते की.

हलकंफुलकं५८
विषय फ्रेमचा आहे. वारा नंतर.

निवृत्त_मास्तर
थोडं मागे जाऊ. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये युजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा तूरमाले घाटाच्या उतारावर मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो मैलोगणती चालत एका लोहाराच्या भट्टीपर्यंत गेला आणि तिथं स्वतः चिमटा जोडला. भाता एका पोरानं ओढला म्हणून दंड झाला १० मिनिटांचा, तो पुढे ३ वर आणला. त्या शर्यतीत डिरेलर, म्हणजे चालत्या सायकलीवर चेन सरकवून गिअर बदलणारं यंत्र, चालू दिला १९३७ साली. तोवर बहुतेक मंडळी उतरून मागचं चाक उलटं फिरवायची, दुसऱ्या बाजूला वेगळ्या दातांचं फ्रीव्हील. तेव्हा बिनगिअरवर घाट चढणं हा काही सोलापूरचा नवा शोध नव्हे. आणि चिमटा मोडला तेव्हा क्रिस्तोफला कुणी "तुझं वजन किती" असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

पत्र्याचा_मडगार्ड
सर, भट्टीचा विषय काढलात म्हणून. हल्ली एकालाही पितळेचा जोड मारता येत नाही. आमच्या गल्लीत म्हातारे मिस्त्री होते, गॅसवर तापवून पितळ असं वितळवायचे की बाहेरून ओघळ दिसायचा नाही. परवा एका दुकानात जुनी फ्रेम दिली, त्या पोरानं सरळ आर्क वेल्डिंग मारलं. पातळ नळीला भोक पडलं. वर म्हणतोय, काका रंग मारा, दिसत नाही.

होटगीरोड
दुकान कुठलं ते सांग की.

पत्र्याचा_मडगार्ड
नाही सांगणार, रोज तोंड बघायचं असतंय. पण मुद्दा हाच. जुन्या काळ्या सायकलीत नळ्या मुफ्यात, म्हणजे जोडाच्या पोकळ तुकड्यात, बसवून पितळेनं जोडलेल्या. मोडली तरी परत जोडता येते. अ‍ॅल्युमिनियम रस्त्यावर जोडता येत नाही, जोडाच्या आजूबाजूचं धातू मऊ पडतं, ते परत भट्टीत घालून कडक करावं लागतं. ९४किलो, तुम्ही ती फ्रेम मोडल्यावर जोडून आणली होती असं ऐकलंय. खरं काय?

९४किलो
जोडून आणली. आठ दिवसांत त्याच्याच बाजूला परत गेली. आता माळ्यावर आहे. यावर पुढे बोलणार नाही.

निवृत्त_मास्तर
पितळेच्या जोडाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, तापवण्याचं तंत्र चुकलं तर चांगली मॅंगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळीही…

हलकंफुलकं५८
सर, माफ करा. धागा फ्रेमच्या ताकदीचा आहे, मिस्त्रींच्या आठवणींचा नाही. वीस उत्तरांत सगळे पितळ वितळवत बसतील.

पत्र्याचा_मडगार्ड
मग काढ की तुझा वेगळा धागा. म्हाताऱ्यांना हात जोडायचा नाही, वर शर्यतीचे नियम करायचे. आधी पंक्चर काढायला शीक. मागच्या रविवारी हिप्परग्याजवळ तुझी ट्यूब मी बदलली.

९४किलो
जाऊ द्या, त्याच्या मागे लागू नका. पण वडिलांच्या सायकलीचं उत्तर कुणी दिलं नाही.

हलकंफुलकं५८
देतो. कॅरिअरवरचं ओझं कॅरिअरच्या पायांतून थेट मागच्या धुरीवर जातं. ते गपचूप बसून असतं. ते उभं राहून डावी-उजवी पायडल मारत नाही. फ्रेम पिळवटते ती पायडल मारणाऱ्या माणसानं, सुतानं नाही. तुमचे वडील घाट चढायचे का? अशोक चौक सपाट आहे. आणि ती सायकल २० किलोची, तुमची ११ ची.

९४किलो
हे पटलं. लिहून ठेवतो, कारण तुमचं पटण्याचे प्रसंग कमी येतात.

अक्कलकोटवाली
तुमच्या दोघांचं झालं असेल तर मी बोलू? "मागचे दोघं" म्हणताय, त्यातली एक मी. कोपर अजून नीट वळत नाही, भाकरी थापताना कळतं. आणि मी काय पाहिलं ते कुणी विचारलंच नाही, वजनं मोजत बसलात.

९४किलो भाऊ, तुमची सीट किती वर होती? मी तुमच्या मागे होते. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, ती आडवी रेघ असते ना, फ्रेमच्या नळीत इथपर्यंत आत हवी अशी, ती चांगली दोन बोटं बाहेर होती. घाटाच्या पहिल्या वळणालाच मला दिसली. म्हणणार होते, पण दम कुठला. फ्रेम फुटली तीही तिथंच, सीटखालच्या नळीत, वरच्या दांडीच्या जोडाशी. चेनच्या ओढीनं फुटली असती तर खाली, क्रँकच्या बाजूला फुटायला हवी होती. पोस्ट आत कमी असली की सगळा बोजा त्या चार बोटांच्या नळीवर. तिथं ५८ किलोचा माणूस असता तरी फुटली असती, फक्त जरा उशिरा.

होटगीरोड
आई गं. ताईंनी पंचनामाच केला.

९४किलो
ताई, खरं सांगतो. माझी उंची सहा फूट. दुकानात मधल्या मापाची फ्रेम होती, मोठी मागवायला महिना लागेल म्हणाले, "सीट वर करून भागतंय". मी भागवलं. रेघ दिसत होती. पण खाली केली की गुडघा दुखायचा. तुमच्या कोपराबद्दल तेव्हाच माफी मागितली होती, आज परत मागतो. पण म्हणून ८५ चा नियम बरोबर ठरत नाही.

अक्कलकोटवाली
मी कुठं म्हणतेय ठरतो म्हणून. उलट हलकंफुलकं भाऊंनी माझं पडणं दाखवून तुमच्यावर नियम आणला, मला न विचारता. तो राग वेगळा.

हलकंफुलकं५८
ठीक. सीटपोस्टचं मला माहीत नव्हतं. वजनाची अट मागे घेतो. पण मिनिटाला ३१ फेऱ्यांचं गणित मागे घेत नाही, घाटात उभं राहून पायडल मारणाऱ्याचं मागचं चाक उजवीकडून पुढे सरकतं, टायर फ्रेमला घासतं, हे मी तीनदा पाहिलंय. त्यात दोघं ७० च्या खालचे होते, हेही सांगून टाकतो. हसा.

पत्र्याचा_मडगार्ड
हे पहिल्यांदा काही कामाचं बोललास. चाकाच्या नटाखाली दातेरी वॉशर घाला, सरकत नाही. आणि बिनगिअरचं मागचं चाक एरवी बळकटच, दोन्ही बाजूंचे आरे जवळपास सारख्या ताणाचे. गिअरच्या चाकात जास्त ताण उजवीकडं, म्हणून तिकडचे तुटतात. पितळेच्या वॉशरचं सांगू का…

होटगीरोड
पितळ नको बे.

निवृत्त_मास्तर
सूचना: शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सर्वांच्या सायकली तपासाव्यात. सीटपोस्टची रेघ, मागचे नट, चिमट्याचा वरचा जोड, नळ्यांवरच्या तडा. वजनकाटा आणू नये. अक्कलकोटवाली ताईंनी तपासावं, त्यांना डोळा आहे.

अक्कलकोटवाली
तपासते. पण माझी सायकल दुसऱ्या कुणीतरी बघायची, नाहीतर उद्या माझाच धागा निघेल. नटांना लागणारा १५ चा पाना माझ्याकडे नाही.

९४किलो
पाना मी आणतो. काळी सायकल काढलीय माळ्याशेजारून, वडिलांची. ह्या खेपेला तीच. सीट आधीच बघून घेतली, रेघ आत आहे.

हलकंफुलकं५८
तिच्यावर घाट? २० किलो अधिक ९४? मी मागे राहणार नाही एवढं नक्की.

९४किलो
राहा की. वारा अडवायला मी आहे पुढे.