पंचवीस मिनिटांचा टायमर आणि एफआरचं कन्सॉलिडेशन – मदत हवी आहे

सीए फायनलचा ग्रुप एक जानेवारीत परत द्यायचाय. सप्टेंबरला एफआरमध्ये (फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरात) ३७ पडले, पासिंग ४०. ग्रुपची बेरीज बसत होती, म्हणजे घात केला तो या तीन मार्कांनीच. शेवटचा चौदा मार्कांचा प्रश्न वेळेअभावी कोरा सोडून आले होते.

आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) संपलीय, दिवस मोकळा आहे. पण सकाळी नऊला बसून साडेबाराला उठलं की हिशेबात खरा अभ्यास जेमतेम तासभर निघतो. म्हणून मैत्रिणीचं ऐकून पोमोडोरो सुरू केलं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात असताना काढलेली पद्धत. त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर होता, इटालियनमध्ये टोमॅटो म्हणजे पोमोडोरो. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी.

तीन आठवडे झाले. ऑडिटला खरंच फायदा आहे, एसए (ऑडिटची स्टँडर्ड्स) वाचताना पेंग यायची ती थांबली. एफआरला मात्र वाट लागलीय.

कालचंच सांगते. कन्सॉलिडेशनचा, म्हणजे होल्डिंग आणि सबसिडिअरी कंपनीचे हिशेब एकत्र करायचा प्रश्न. होल्डिंगने सबसिडिअरीचे ८० टक्के शेअर घेतलेत. अ‍ॅक्विझिशनच्या तारखेचे नेट अ‍ॅसेट्स काढले, एनसीआय (उरलेल्या बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा) काढला, गुडविलच्या (नेट अ‍ॅसेट्सपेक्षा जास्त मोजलेल्या किमतीच्या) वर्किंग नोटवर आले आणि टायमर वाजला. नियमाप्रमाणे पेन खाली ठेवलं. पाणी पिऊन आले तर इंट्रा-ग्रुप (या दोन कंपन्यांनी आपापसात विकलेल्या) स्टॉकमधला नफा वजा केला होता की नाही, तेच आठवेना. पुन्हा पहिल्या ओळीपासून. एका प्रश्नाला तीन फेऱ्या!

शिवाय टायमर मोबाइलमध्ये. तो बंद करायला फोन हातात घेतला की पाच मिनिटांची चाळीस कधी होतात कळत नाही. अभ्यासिकेत एकदा वाजला तर अख्खी रांग वळून बघायला लागली. व्हायब्रेटवर ठेवला तर बाक गुरगुरतो. घरी दोन खोल्या. मध्येच कुणी आलं तर 'नंतर सांगते' म्हणायचं आणि कागदावर टिपून ठेवायचं, असं चिरिलोसाहेब म्हणतात. दारात सिलिंडर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नंतर सांगते कसं म्हणू?

प्रॅक्टिकल पेपरसाठी वेळ वाढवावा का? पन्नास मिनिटं करून बघितलीत का कुणी? की सोडूनच देऊ?

आंबेमोहर: आधी फोन दुसऱ्या खोलीत. माझं एमएस्सीचं सगळं ओट्यावरच्या चावीच्या टायमरवर झालं. अभ्यासिकेत तो चालणार नाही, टिकटिकतो. तिथे साधं मनगटी घड्याळ, आणि सुटायची वेळ कागदावर लिहून ठेव. सुट्टीत बसून राहू नकोस, जिना उतरून चढून ये. सिलिंडरवाल्याला दार उघड गं, तेवढी फेरी बाद धरायची!

जमाखर्च: सोडू नका. १०० मार्कांना १८० मिनिटं, म्हणजे मार्काला १.८ मिनिटं. चौदा मार्कांना साधारण २५. तुमचा टोमॅटो परीक्षेचीच वेळ सांगतोय. एमसीक्यू लवकर उरकले तर थोडी सवड मिळते, पण एका कन्सॉलिडेशनला तासभर गेला की शेवटचा प्रश्न कोराच राहणार.

पण पहिल्यांदा सोडवताना पेन खाली ठेवायची गरज नाही. टायमर वाजला की तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि पुढे जा, प्रश्न संपवूनच उठा. रेघ कुठे पडली ते बघा. तुमची गुडविलवर पडली, म्हणजे वेळ त्याआधीच्या नोट्समध्ये जातोय. चार दिवसांनी तोच प्रश्न परत. थिअरीला २५-५ आहे तसं राहू द्या, नवीन स्टँडर्ड पहिल्यांदा वाचताना ५० घ्या. आणि वर्किंग नोट्सना नंबर द्या हो, मध्ये उठलात तरी कुठे होतो ते दिसतं.

धागाकर्ती: १.८ चं गणित क्लासमध्ये शंभरदा ऐकलंय, टायमरशी कधी जोडलंच नाही!

आंबेमोहर, फोन आईच्या कपाटात गेला. चावी तिच्याकडे.

जमाखर्च, आज तोच प्रश्न लावला. ३८ मिनिटं. रेघ या वेळी गुडविलच्या पुढे, रिझर्व्हजवर. पहिली सहा मिनिटं प्रश्न दोनदा वाचण्यात गेली, पण परीक्षेत सुरुवातीला वाचायला १५ मिनिटं वेगळी मिळतात, ती घरी धरायची की नाही? आणि एनसीआय फेअर व्हॅल्यूने दिला असेल तर नोट्सचा क्रम तुम्ही तोच ठेवता का?