निफ्टीचा बंद भाव ओळखण्याची स्पर्धा: अभ्यास की आकडा लावणे?

फोंडेकर
आमच्या फोंड्यात सकाळी भाजी-पावाला जमणाऱ्या मंडळींनी एक स्पर्धा सुरू केली आहे. शुक्रवारी निफ्टी (शेअर बाजाराची चाल दाखवणारा निर्देशांक) किती अंकांवर बंद होईल, ते गुरुवारी रात्रीपर्यंत सांगायचे आणि एका ओळीत कारणही द्यायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर रकाने आखले आहेत: नाव, अंदाज, कारण, किती अंकांनी चुकला. पैसे कोणी लावत नाही. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ, त्याचे भाजी-पावाचे बिल बाकीचे भरतात.

परवा एका ज्येष्ठांनी हा सरळसरळ मटका आहे म्हणून हरकत घेतली. मला ते मुळीच पटत नाही. कारण लिहायचे म्हटल्यावर माणसे रिझर्व्ह बँकेचे व्याजदर, कच्च्या तेलाचे भाव, परदेशी संस्थांची विक्री याबद्दल वाचू लागली आहेत. तुमचे मत काय?

म्हापसेकर
त्या ज्येष्ठांचे बरोबर आहे. मटका आला कुठून, ते आठवा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. 1960च्या दशकात ते बंद पडले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले. म्हणजे बंद भाव ओळखणे हेच मटक्याचे मूळ. गोव्यात 1976चा जुगारविरोधी कायदा आहे, तरी मटका घराघरांत शिरला. एका आकड्यापायी घरे कशी बसतात, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आज भाजी-पावाचे बिल आहे, उद्या शंभराची नोट येईल.

डिचोलीची वाचक
म्हापसेकरबाब, मटक्यात चिठ्ठीला कारण नसते. निफ्टीमागे पन्नास कंपन्या आहेत, त्यांचे नफे-तोटे आहेत. तुम्ही दोन्ही एकाच पारड्यात टाकता, हे काही बरोबर नाही.

मडगावचा हिशेबनीस
कारण असते हे खरे, पण एका दिवसाच्या बंद भावाला ते कितपत लागू पडते? 3 जून 2024 रोजी लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर निफ्टी 23,263.90वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि बंद भाव 21,884.50 आला, जवळजवळ 6 टक्के खाली. 3 तारखेच्या रात्री अंदाज लिहिणाऱ्या बहुतेकांकडे भक्कम कारण होते.

माझी सूचना ऐका. तुमच्या कागदावर आणखी एक स्पर्धक घाला आणि त्याचे नाव ठेवा 'कालचा भाव'. त्याचा अंदाज कायम आदल्या दिवशीच्या बंद भावाइतकाच. निफ्टी बहुतेक दिवशी एका टक्क्याच्या आतच हलतो. त्यामुळे हा स्पर्धक वर्षाअखेर वरच्या क्रमांकात दिसेल. आपल्या कारणांची खरी किंमत तेव्हा कळेल. स्पर्धा ठेवायचीच तर एवढ्यासाठी ठेवा.

आणि एक नियम आधीच ठरवा. आजवरच्या पद्धतीप्रमाणे निफ्टीचा बंद भाव म्हणजे साडेतीनचा शेवटचा सौदा नव्हे. दुपारी 3 ते 3.30 या अर्ध्या तासातली प्रत्येक शेअरची भारित सरासरी (जितके जास्त सौदे, तितके त्या भावाला जास्त वजन) धरून तो काढतात. साडेतीनला मोबाइलवर दिसणारा आकडा थोड्या वेळाने बदलतो आणि भांडणे तिथेच होतात.

पेडणेकर
मला काळजी जिंकणाऱ्याची वाटते. लागोपाठ दोन शुक्रवारी अंदाज बरोबर आला की माणसाला वाटते, आपल्याला जमते. मग तो मंगळवारच्या एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपते त्या दिवशी, ऑप्शन (पुढच्या भावावर लावलेला मुदतीचा सौदा) घ्यायला धावतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 साली दिलेला हिशेब वाचा: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे अशा मुदतीच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख. शेअर बाजारावरच्या बक्षिसांच्या स्पर्धांपासून सावध राहा, असे सेबीने 2016मध्येच सांगितले होते. टेबलावरच्या चार मित्रांसाठी ते नव्हते हे मला समजते, पण सवयीची सुरुवात अशीच होते.

डिचोलीची वाचक
उलटेही होते ना! आमच्याकडे एक तरुण शिक्षक अशाच कागदावर आपल्या चुका बघून ऑप्शनपासून लांब राहिला. एरवी चुकलेले अंदाज कोणाच्या लक्षात राहतात? बरोबर आलेला तेवढा सांगत फिरतात. इथे चूक सर्वांसमोर शाईने लिहिलेली असते. पैसे न गमावता एवढे शिकवणारे दुसरे काय आहे, ते सांगा.

फोंडेकर
हिशेबनीसबाबांची सूचना मान्य. 'कालचा भाव' या शुक्रवारपासून कागदावर येईल आणि एनएसईने (राष्ट्रीय शेअर बाजाराने) जाहीर केलेला बंद भावच धरू. पेडणेकरांचे म्हणणे मनाला लागले. बक्षिसाचे बिल रद्द करतो, ज्याचे त्याने भरावे. पण स्पर्धा बंद करणार नाही. भाव वर जाणार की खाली, यावर लोक बोलणारच. ते लिहून ठेवले, तर निदान तपासता येते.

म्हापसेकर
बिल काढले हे बरे केले. माझा विरोध तरीही कायम आहे. तुमच्यासारख्या पन्नाशीच्या माणसांचे एक वेळ ठीक, पण कॉलेजातली पोरे त्याच टेबलावर चहाला येतात आणि तो कागद वाचतात. त्यांची नावे तरी त्यात घेऊ नका, एवढे आज सगळ्यांसमोर कबूल करा.

फोंडेकर
कबूल. विद्यार्थ्यांची नावे घेणार नाही आणि कागद भिंतीवर न लावता माझ्याकडे ठेवीन.