१२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून १७ व्होल्ट कसे?

नवा_तारवाला:
ट्रान्सफॉर्मरवर १२ छापलंय, मीटर एसीवर १३.१ दाखवतो. पुढे चार डायोडचा ब्रिज आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर डीसी चक्क १७.३! लोड काहीच नाही. मीटर बिघडलाय का?

जुना_सोल्डर:
ते राहू द्या. कपॅसिटरवर किती व्होल्ट लिहिलेत?

नवा_तारवाला:
१६.

जुना_सोल्डर:
मग आधी बंद करा! माझा असाच एक टेबलावर फुटला होता, खोलीतला वास दोन दिवस गेला नाही. २५ चा टाका, ३५ चा मिळाला तर उत्तमच.

आता तुमचे १७. एसी शून्यावरून चढतं, शिखर गाठून उतरतं, मग उलट्या दिशेनं तेवढंच. ५० हर्ट्झ म्हणजे अशा फेऱ्या सेकंदाला ५०. मीटरचे १३.१ हे शिखर नव्हे, तो तापण्याचा हिशेब आहे: १३.१ व्होल्ट डीसीवर रेझिस्टर जेवढा तापेल, तेवढाच या एसीवर तापतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर ठरते, आणि साइन वेव्हच्या वर्गाची सरासरी शिखराच्या वर्गाच्या निम्मी भरते. तिचं वर्गमूळ काढा, शिखर भागिले १.४१४ येतं.

उलट गुणा: १३.१ गुणिले १.४१४, म्हणजे १८.५. कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो आणि लोड नसल्यानं भरलेलाच राहतो. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत येतात, ते सव्वा व्होल्ट खातात. मीटरला उगाच बोल लावलात.

(२३० च्या सॉकेटमध्येही शिखर ३२५ चं असतं बरं का.)

फ्यूज_उडाला:
१२ चे १३.१ का, तेही सांगतो. छापलेला आकडा पूर्ण लोडवरचा. लोड नसताना वाइंडिंगच्या रेझिस्टन्समध्ये फारसं काही पडत नाही.

नवा_तारवाला:
३५ चा बसवला. १२ व्होल्टचा छोटा पंखा जोडल्यावर १५.४ वर आलं. पण मीटर डीसीवर ठेवून थेट ट्रान्सफॉर्मरला लावला तर शून्य!

जुना_सोल्डर:
अर्धा वेळ अधिक, अर्धा वेळ उणे. डीसी रेंज सरासरी दाखवते, फिटंफाट. आणि त्या बिचाऱ्या पंख्याला १५.४ कशाला देताय? मध्ये ७८१२ (स्थिर १२ व्होल्ट देणारी रेग्युलेटर चिप) टाका. त्याला आत साडेचौदा तरी लागतात, तुमच्याकडे आहेत.